मनगटभर पाचोळा

माझे हात मोठे आहेत, हे मला लग्नानंतर कळलं. तोवर ते नुसते हात होते. सासरी आल्यावर दिराने माझं नाव ‘फावडं’ ठेवलं, सगळे हसले, मीही हसले. पाच वर्षांनी त्याच दिराचं लग्न झालं आणि सासरे पहिल्याच दिवशी नव्या सुनेला म्हणाले, “पोरी, किती नाजूक हात गं तुझे!” तेव्हा मला हसू आलं नाही. आणि ‘पोरी’ काय म्हणून? मी आजतागायत ‘सूनबाई’च आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलंही असतं. पण धाकटी जाऊ शिकलेली निघाली आणि नोकरीला लागली ती नेमकी माझ्याच कार्यालयात. वणव्याच्या पाहणीत मला अकरा वर्षं झाली आहेत. काम सांगायला सोपं आहे. उन्हाळ्याआधी डोंगराचा एकेक उतार बघायचा आणि उद्या इथे वणवा लागला तर किती नुकसान होईल ते ठरवायचं. जंगलाचं नुकसान वेगळं मोजतात, म्हणजे कोणती झाडं पुन्हा फुटतील आणि कोणती कायमची जातील. माणसांचं वेगळं, म्हणजे घरं, गोठे, लाकडाची वखार, ज्याच्यावर कुणाचं पोट आहे ते सगळं. दोन्ही मिळून त्या उताराचे गुण. ज्याचे गुण जास्त, तिथे आधी जाळरेषा काढायची. जाळरेषा म्हणजे गवत-पाचोळा खरवडून काढलेली रुंद मोकळी पट्टी, आग तिथे येऊन अडावी म्हणून. मजुरांची टोळी एकच, त्यामुळे कोणता उतार आधी, यालाच सगळं महत्त्व.

मी उतार चढते आणि माती लागेपर्यंत पाचोळ्यात हात खुपसते. वहीत लिहिते: दोन पेरं, चार बोटं, मनगट. पट्टी मी वापरत नाही. पट्टी काटकीवर अडते आणि खोटं सांगते. हाताला काटकीही कळते आणि ओलही कळते. ज्या म्हाताऱ्या वनरक्षकाने मला शिकवलं, त्याच्या वहीतही असंच लिहिलेलं असायचं. अकरा वर्षांत कुणाची तक्रार आली नाही, कारण वही माझी, हात माझा आणि गुणही मीच द्यायचे.

धाकटी आली आणि गुण संगणक द्यायला लागला. आकाशातून घेतलेली चित्रं, उताराचा चढ, घरांची संख्या असं सगळं ती त्यात भरायची. माझ्या अकरा वर्षांच्या तंगडतोडीचा तिच्या तक्त्यात एक रकाना झाला. नकाशा मात्र देखणा केला तिने, नाही म्हणवत नाही. साहेबांनी तो भिंतीवर लावला आणि येईल त्याला उभं करून दाखवायला लागले. घरीही तेच. जेवताना सासऱ्यांनी विचारलं, “पोरी, तुझ्या नकाशात माझ्या पेट्या आहेत का?”

“आहेत की, बाबा. एकतीसच्या एकतीस.”

सासरे सुतार. हात थकल्यावर त्यांनी मोठी कामं सोडली आणि मधमाशांच्या पेट्या करायला घेतल्या. प्रत्येक पेटी स्वतः रंधलेली, प्रत्येकीला पितळी बिजागऱ्या. दक्षिणेच्या उताराखाली, ओढ्याच्या अलीकडे, ते त्या मांडतात. अकरा वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं, की सूनबाई, तू डोंगरावर जाऊन करतेस तरी काय. त्या दिवशी मी अर्ध्या ताटावरून उठले.

नकाशात उत्तरेचा उतार लाल होता आणि दक्षिणेचा पिवळा. म्हणजे जाळरेषा आधी उत्तरेला. मला ते पटेना. उत्तरेला झाडं जुनी आहेत खरी, पण पाचोळा दोन पेरंच. दक्षिणेला मात्र जिथे तिथे मनगट, आणि पायथ्याशी सतरा घरं. दुपारी धाकटी बाहेर गेल्यावर मी तिची फाइल उघडली.

आत एक कागद होता. हात टेकवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवून काढलेला पंजा. निमुळती बोटं, इवलासा तळवा. कडेला नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं: मनगट म्हणजे सोळा सेंटीमीटर.

तिने माझ्या वहीतली मनगटं स्वतःच्या हाताने मोजली होती.

मी त्या पंजावर माझा हात ठेवला. प्रत्येक बोट पेरभर पुढे गेलं. पट्टी लावून पाहिलं, वीस भरले. अठराच्या वर पाचोळा गेला की उताराचा गट बदलतो. दक्षिणेचा अख्खा उतार त्या नाजूक हातामुळे पिवळा पडला होता.

खरं सांगते, मला उकळ्या फुटल्या. सतरा घरं आठवली, पण नंतर. मी माझ्या वहीत दक्षिणेच्या उताराच्या पानावर, कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, ‘मनगट २०, १६ नव्हे’, आणि सवयीने खाली तारीख टाकली. तेव्हाच उठून साहेबांकडे गेले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. पण आठ दिवसांनी बैठक होती, वरचे अधिकारी येणार होते, आणि धाकटी त्यांच्यापुढे उभी राहून नकाशा समजावणार होती. तिचं तोंड पडायचं तर तिथे पडू दे, असं मी ठरवलं. टोळी रिकामी कशाला बसवायची म्हणून साहेबांनी ती उत्तरेला जुंपली, तरी मी गप्प. आठ दिवसांत काय आभाळ कोसळणार आहे?

बैठकीच्या आदल्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. “ताई, एकदा नजर टाकता का? मी त्या उतारांवर कधी पाऊल ठेवलं नाही. काहीतरी चुकलं असेल अशी धाकधूक वाटते.”

“छान झालाय,” मी म्हटलं. वर हसलेही.

बैठकीत तिचं बोलणं संपलं, टाळ्या पडायच्या बेतात होत्या, तेव्हा मी उठले. वही उघडून टेबलावर ठेवली आणि विचारलं, “यातलं मनगट कुणाचं गं?”

तिला कळलं नाही. मी म्हटलं, “हात ठेव इथे.” तिने ठेवला. मी शेजारी माझा ठेवला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू थांबलं, कारण साहेब पुढे वाकून दोन्ही हात बघायला लागले होते.

धाकटी पांढरीफटक पडली. याच क्षणासाठी मी आठ दिवस थांबले होते. पण ती रडली नाही, सारवासारव केली नाही. म्हणाली, “चूक माझी आहे. हात ताईंचा, तर माप त्यांच्याच हाताचं घ्यायला हवं होतं.” तिने सगळ्यांदेखत पट्टीने माझा हात मोजला आणि संगणकात वीस भरले. पडद्यावर दक्षिणेचा उतार लाल झाला.

“टोळी उद्याच तिकडे हलवा,” साहेब म्हणाले. “बाई, तुमच्या हे लक्षात कधी आलं?”

“आत्ताच, साहेब. नकाशा बघता बघता.”

धाकटी त्या वेळी वहीवर वाकलेली होती, त्याच पानावर. तिचं बोट कोपऱ्यातल्या तारखेपाशी जाऊन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. पाणउतारा करायला गेले मी, आणि घरी जाताना मान खाली माझी.

गरम वारे सुरू झाले तेव्हा दक्षिणेची जाळरेषा चारशे मीटर उरली होती. टोळी दिवसाला पन्नास मीटर काढते. किती दिवस कमी पडले, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

वणवा भरदुपारी माथ्यावरून उतरला. घरांच्या वर पट्टी तयार होती, तिथे तो अडला. घरं राहिली, गोठे राहिले. उरलेल्या चारशे मीटरमधून मात्र तो सरळ ओढ्यापर्यंत आला. पेट्या हलवायला कुणाला पोचताच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं तिथे गेलो. एकतीस पेट्यांच्या जागी एकतीस काळे ढीग. सासरे बराच वेळ त्यांच्यामधून फिरले. मग धाकटीला म्हणाले, “तुझ्या नकाशाने सतरा घरं वाचवली, पोरी.”

तिथेही माझ्या पोटात दुखलं. हे मी लपवत नाही.

“माझ्या नाही, बाबा,” ती म्हणाली. “मी चुकले होते. ताईंनी पकडलं.” आणि तिने हातांची सगळी गोष्ट सांगितली, सोळा आणि वीस, स्वतःला न वाचवता.

सासरे माझ्याकडे वळले. माझा हात त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला, उलटा करून पाहिला. “आणि आम्ही याला फावडं म्हणायचो,” ते म्हणाले. “थोडं आधी कळलं असतं तर पेट्याही राहिल्या असत्या. पण त्याला तू काय करणार, पोरी?”

पोरी म्हणाले. मला.

“बैठकीतच कळलं ना,” धाकटी घाईने म्हणाली. “आधी कुणालाच माहीत नव्हतं.” सकाळी घरून निघताना मी वही उघडून पाहिली होती. त्या पानाचा कोपरा कुणीतरी खोडरबराने इतका स्वच्छ पुसलेला होता की कागद खरबरीत झाला होता.

मी गप्प राहिले असते तर जन्मभर निभलं असतं. मला खरेपणाचा उमाळा आला, असं कुणी समजू नये. मला ते ‘पोरी’ हवं होतं, फार हवं होतं. पण ते मला तिने मिळवून दिलेलं होतं, तिच्या मोठ्या मनातून, आणि तेवढं मला सोसेना.

“मला आठ दिवस आधी कळलं होतं, बाबा,” मी म्हटलं. “हिचं सगळ्यांसमोर हसं व्हावं म्हणून मी थांबले. हिला ते माहीत आहे. माझ्यासाठी लपवतेय ती.”

धाकटीने मान खाली घातली. सासऱ्यांनी माझा हात लगेच सोडला नाही. काही वेळाने सोडला, हळूच, आणि जवळच्या ढिगापाशी बसले.

“बिजागऱ्या वेच, सूनबाई,” ते म्हणाले. “पितळ आहे. पुन्हा कामाला येतील.”

राख अजून ऊन होती. मी हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला.