ज्योतिबाच्या काठीवरची मुंबई

या, सरका जवळ. अशी गंमत सांगतो की हसता हसता तुमच्या हातातले टाळ आपोआप वाजतील.

निपाणीत तंबाखूची वखार असलेल्या मारुतीरावांनी रेडिओ आणला होता. एकोणीसशे अडतीस साल. त्या संध्याकाळी गावातल्या म्हाताऱ्या दुर्गाबाईचा धाकटा भाऊ अंबाजीबुवा मुंबईहून रेडिओवर कीर्तन करणार होता. त्याला पहिला अभंग तिनंच मांडीवर बसवून शिकवलेला. तो मुंबईला गेल्यापासून त्याचा सूर काही तिच्या कानी पडला नव्हता, आणि गुडघे असे की ती आता मुंबई कसली बघते! आज चुकलं की चुकलंच.

पण तार उंच असली तरच रेडिओला मुंबई सापडायची. वळवाच्या वाऱ्यानं दुपारीच तारेचा बांबू कडाडा मोडला. दुसरा बांधला, तोही कौलांवर आडवा.

"बेळगावास्नं लोखंडी नळी मागवतो," मारुतीराव म्हणाले. "उद्या येईल."

"उद्या काय नळीचं कीर्तन ऐकू?" दुर्गाबाई तडकली. "सुबराव, वाऱ्यात कधी न पडलेली काठी सांग बघू."

सुबराव म्हणजे तिच्या गल्लीतला पैलवान. "तशी एकच हाय, आक्का. ज्योतिबाची सासनकाठी, जत्रेत खांद्यावर नाचवत्यात ती. परवाच डोंगर चढून आली, अजून ताठ हाय."

"मग आणा की!"

पुजारी तम्मण्णा दचकला. "देवाच्या काठीला तार?"

"का? देवाला कीर्तन नको व्हय?"

तम्मण्णानं काठी काढून दिली. पण अट घातलीच: सासनकाठी जमिनीत रोवायची न्हाय, माणसानंच पेलायची. सुबरावानं ती उंच काठी खांद्यावर घेतली, चौघांनी चार बाजूंनी दोर ताणले, टोकाला तार बांधली. आत रेडिओ खरखरला, शिट्टी झाली, आणि अंबाजीचा सूर आला!

तेवढ्यात अंगणातल्या गर्दीत कुणाला तरी भरतं आलं. "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!"

झालं! ही आरोळी ऐकून काठीवाला कधी गप्प उभा राहिलाय? सुबराव नाचायला लागला, काठी झुलली, अंबाजी गेला आणि पुन्हा शिट्टी.

"उभा ऱ्हा रं मुडद्या!" दुर्गाबाई खिडकीतून ओरडली.

"आक्का, मी उभाच हाय, पाय ऐकंनात!"

"मग गुडघ्याखाली नाच! वर देवळाचा खांब हो!"

आणि काय सांगू, तो झाला! वर दीपमाळ, खाली थुईथुई पाय. दोरवालेही तसेच. लोक तोंडात पदर, उपरणी कोंबून हसत होते, कारण आत सूर स्वच्छ येत होता.

अंबाजीनं अभंग धरला. दुर्गाबाई ऐकत राहिली. ओळ संपली तशी तिनं मांडीवर थाप मारली.

"मेला अजून शेवटचा सूर गिळतोय! लहानपणी किती चापट्या खाल्ल्या, सुधारला न्हाय!" आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली.

कीर्तन संपलं तेव्हा ती रेडिओला म्हणाली, "आता जेवून घे रं."

"आक्का, त्याला ऐकू जात न्हाय," मारुतीराव म्हणाले.

"काठी देवाची हाय, पोचवंल. तुम्ही गप बसा."

तर मंडळी, कधी रेडिओवर कीर्तन स्वच्छ लागलं, तर वर खांब आणि खाली पाखरू झालेल्या त्या सुबरावाची एकदा आठवण काढा.