धोंडाबाईंचा अंगठा मला वाचता आला नाही

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढाच माझा आकार. अंगावर एक काच, मागे एक वायर. सरकारी कामासाठी लोकांच्या अंगठ्याचे ठसे वाचणारी मी एक जुनी मशीन आहे. उदगीरच्या बसस्थानकामागे दीपमालाताईंचे सेवा केंद्र आहे. तिथल्या टेबलावर माझी सात वर्षे गेली.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. दीपमालाताई रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसायच्या. निवृत्त शिक्षक रेणुकादास गुरुजी दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला यायचे. अंगठा टेकवून हसत म्हणायचे, "चला, यंदाही जिवंत आहे म्हणायचं!" तेव्हा मला वाटे, मी माणसांच्या उपयोगाची आहे.

मग धोंडाबाई आल्या.

त्या देवणीजवळच्या एका खेड्यातल्या. वय त्र्याहत्तर. सोबत पती शेषेराव, शहात्तर वर्षांचे. धोंडाबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू होता. लातूरच्या डॉक्टरांनी बजावले होते की ऑपरेशन लवकर करा, गेलेली नजर परत येत नाही. सत्तरीपुढच्या माणसांना मोफत उपचारांचे सरकारी कार्ड मिळते, ते आधी काढून आणा, असेही सांगितले होते.

आधी शेषेरावांनी अंगठा ठेवला. ठसा मला स्पष्ट दिसला. पाच मिनिटांत त्यांचे कार्ड तयार! मग धोंडाबाईंनी अंगठा ठेवला, आणि मित्रांनो, मला काहीच दिसेना. नुसती गुळगुळीत कातडी. पन्नास वर्षांची खुरपणी, शेणगोठा, भांडी यांत बोटांवरच्या रेषा केव्हाच झिजून गेल्या होत्या. मी लाल दिवा लावला.

"आजी, जोरात दाबा," दीपमालाताई म्हणाल्या.

पुन्हा लाल. एकेक करत दहाही बोटे झाली.

"हात जरा घासून धुऊन या बरं."

"घासून घासूनच असे झालेत की माय," धोंडाबाई म्हणाल्या.

"आवरा की आजी! आम्ही कवाचे थांबून राहिलो," रांगेतून कोणीतरी ओरडले.

मोबाइलवर ओटीपी नंबर मागवूनही काम होण्यासारखे होते, पण आधारला जोडलेला त्यांचा मोबाइल कधीचाच बंद पडला होता. शेषेरावांनी आपले कार्ड पुढे केले. "बाई, मला काय झालं न्हाई. माझ्या कार्डावर हिचं ऑपरेशन होतंय का?"

"नाही बाबा. ज्याचं कार्ड त्यालाच."

"म्हंजे धडधाकट माणसाला कार्ड हाय, अन् आजाऱ्याला न्हाई?"

मला बोलता आले असते तर मी ओरडले असते. अहो, ही बाई तुमच्यासमोर बसली आहे, स्वतःचे नाव सांगते आहे, नवरा शेजारी उभा आहे! आणखी काय पाहिजे? पण माझ्याकडे लाल आणि हिरव्या अशा दोन दिव्यांपलीकडे काही नव्हते.

बोटांना तेल लावून आठ दिवसांनी या, असे ताईंनी सांगितले. आठ दिवस तेल लावून त्या आल्या. लाल. पुढच्या खेपेला सर्व्हर बंद होता. शेषेराव म्हणाले, "ह्या मशीनला फकस्त हिचीच ओळख न्हाई का?" मला माझाच राग आला. दर खेपेला धोंडाबाई पायरी जास्त चाचपडत चढत होत्या.

चौथ्या खेपेला दीपमालाताईंनी मदतीच्या नंबरवर फोन लावला आणि अर्धा तास धरून ठेवला. शेवटी पलीकडचा माणूस सहज म्हणाला, "अहो, चेहऱ्यानं होतं की! मोबाइलच्या कॅमेऱ्यात."

ताईंनी कपाळावर हात मारला. "इतके दिवस हे कोणी सांगितलंच नाही!"

"आजी, इकडं बघा. पापण्या मिटा, उघडा." दोन मिनिटांत कार्ड निघाले. मधे दीड महिना गेला होता.

ऑपरेशन झाले. महिन्याभराने दोघे लातूरहून परतताना केंद्रावर थांबले. उजवा डोळा वाचला होता. डाव्याची नजर गेली ती गेलीच.

"आजी, माझं चुकलं," ताई म्हणाल्या.

"तुला ठावं न्हवतं माय. पर ज्याला ठावं होतं, त्यानं एक पाटी तरी लावायची!"

धोंडाबाई पहिल्यांदाच रागाने बोलल्या. त्याच दुपारी ताईंनी दारावर ठळक अक्षरांत लिहिले, 'अंगठा उमटत नसेल तर चेहऱ्याने काम होते. विचारा.'

पुढे नवी मशीन आली आणि मी कपाटात गेले. त्याचे मला दुःख नाही. दुःख त्या डाव्या डोळ्याचे आहे.

मित्रांनो, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचे कार्ड आजच काढा, आजारपणाची वाट पाहू नका. त्यांचा कोणता मोबाइल आधारला जोडला आहे ते तपासा. त्यांना एकटे पाठवू नका, सोबत जा. आणि यंत्राने नकार दिला तर मुकाट्याने घरी परतू नका. दुसरा मार्ग कोणता, ते तिथेच उभे राहून विचारा, उत्तर मिळेपर्यंत विचारा. आम्हा यंत्रांना माफीसुद्धा मागता येत नाही.