अण्णांचा लाल दिवा

हैदराबादला अंबरपेठेत आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत दर गुरुवारी एक जुना ट्रक उभा असे. त्याचं इंजिन चालू असे, पण तो कुठेही जात नसे. त्याच्यासमोर चपला काढून साठ-सत्तर माणसं हात जोडून उभी राहत. पुढच्या काचेवर झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि ड्रायव्हरच्या जागेवर भगवी कफनी पसरून बसलेले ज्योतिर्नाथ महाराज. ट्रकचा धूर अंगावर आला की बायका तो ओंजळीत घेऊन कपाळाला लावत. आरतीवरून हात फिरवतात, अगदी तसा.

"आत्मा म्हणजे करंट!" महाराज ट्रकच्या उघड्या दारातून सांगत. "देह म्हणजे बल्ब. बल्ब उडाला म्हणून करंट मरतो का?"

"नाही महाराज!"

"आता तर सायन्सही हेच म्हणतं."

सायन्स हे कुठे म्हणतं, असं कोणी विचारत नसे. महाराज पूर्वाश्रमी चिक्कडपल्लीला एसटीडी बूथ चालवत. गल्लोगल्ली तसल्याच बूथचे पिवळे बोर्ड लागले, धंदा बसला आणि त्यांना वैराग्य आलं. दूरच्या माणसांशी बोलणं करून द्यायची सवय मात्र राहिली होती.

"कोण आहे पुढे? या. लाइन क्लिअर आहे."

पुढे आमचे भाडेकरू सुधीर होते. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेले, टाय लावणारे गृहस्थ. ते ट्रकच्या पायरीवर चढले आणि अनवाणी पायांनी अवघडून उभे राहिले.

"अमेरिकेच्या कंपनीचं बोलावणं आलंय. जाऊ का?"

महाराजांनी डोळे मिटले. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा पेटलेलाच होता. तो तसाच पेटून राहिला.

"हो म्हणताहेत. जा."

"आणि मिसेसना लगेच नेऊ?"

इंजिनाने घोगरा हुंकार दिला. दिवा विझला. गर्दीतून "अहाहा" असा आवाज उठला.

"नकार देताना त्यांच्या जिवाला त्रास होतो," महाराज म्हणाले. "म्हणून हुंकार."

हो म्हणजे दिवा, नाही म्हणजे हुंकार आणि अंधार. उत्तरं देणारे होते भगवंतराव, म्हणजे माझे वडील, आमचे अण्णा. त्यांना जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते.

अण्णांनी हा आपला ट्रक उभ्या आयुष्यात दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नव्हता. बिदरकडची शेती भावांना सोडून ते हैदराबादला आले आणि धान्याची वाहतूक करत राहिले. बाजारात नवे चकचकीत ट्रक आले, तरी त्यांनी हा जुना विकला नाही. ते फार बोलणारे नव्हते. कोणी इंजिन चालू ठेवून गप्पा मारत उभं राहिलं, तर एवढंच म्हणत, "डिझेल जळतंय." पाहुणा असला तरी म्हणत.

ते बरकतपुऱ्याच्या एका इस्पितळात गेले. तेराव्याला माझ्या धाकट्या भावाने, शिवराजने, बॉनेट उघडलं. अण्णा दसऱ्याला ट्रकची पूजा करत, पण चाकाशी नारळ फोडून आणि एक फूल वाहून. शिवराजचं मन तेवढ्यावर भागेना. "अण्णांचा जीव ह्यातच होता," असं म्हणत त्याने सत्यनारायणाला करतात तसं भांडंभर पंचामृत इंजिनावर ओतलं. दूध, दही, तूप, मध, साखर. मी शेजारीच उभी होते. त्या दिवशी तो रडत होता, म्हणून काही बोलले नाही.

त्यानंतर आठवडाभरात तो त्याच इस्पितळावरून माल घेऊन चालला असताना लाल दिवा पेटला. गाडी चालू असताना हा दिवा पेटणं बरं नव्हे. बॅटरीला वीज पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. पुढच्या चौकात तो विझला. अंबरपेठेत शिरताना पुन्हा पेटला. शिवराज घरी आला तो पांढराफटक पडून.

"अक्का, अण्णा गेले तिथंच दिवा लागला गं. बरोब्बर तिथंच."

दुसऱ्या दिवशी तो भाजीबाजाराशी पेटला, तिसऱ्या दिवशी पेट्रोलपंपाशी. पण ते कोणी लक्षात ठेवलं नाही. अंबरपेठेभर इस्पितळाची तेवढी गोष्ट फिरली. ती ऐकून महाराज आले, आणि त्यांनी पहिली आज्ञा केली ती दर गुरुवारी इंजिनाला पंचामृताचा अभिषेक करण्याची.

माझ्यापुरतं सांगायचं, तर पहिल्या गुरुवारी मीही त्या दिव्याकडे पाहत राहिले होते. हुंकार खरंच त्यांच्या खाकरण्यासारखा वाटला होता. माणूस गेल्यावर कान फार उदार होतात.

पण त्या गुरुवारी खरा प्रश्न अमेरिकेचा नव्हता. आईच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि तिला साखरेचा आजार. आदल्या दिवशी बरकतपुऱ्याच्या त्याच इस्पितळातल्या डॉक्टरांनी पाय पाहून मला बाजूला बोलावलं होतं. "उद्या, फार तर परवा दाखल करा. आत्ता अंगठ्यावर भागेल. उशीर केलात तर पाय जाईल. कदाचित त्याही." आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यांना विचारते."

सुधीर उतरल्यावर ती काठी टेकत पायरीशी गेली. पदर सावरला. नवरा समोर असताना सावरत असे तसाच.

"अहो, माधवी मला दवाखान्यात टाकायचं म्हणतेय. जाऊ का?"

महाराजांनी तिच्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं, मग गर्दीकडे. इंजिन हुंकारलं. दिवा विझला.

"नको म्हणताहेत माउली. जिथं त्यांचा प्राण गेला, तिथं तुमचा पाय नको. संध्याकाळी आरतीला विभूती देतो, ती जखमेत भरा."

आई समाधानाने वळली. "ऐकलंस? यांना काळजी आहे माझी."

पण मी वेगळंच ऐकलं होतं. आधी हुंकार आला होता आणि मग दिवा विझला होता. सुधीरच्या वेळी तसंच, शेजारच्या ज्योतीच्या लग्नाच्या प्रश्नालाही तसंच. इंजिन तापलं, गर्दी वाढली, तरी क्रम बदलला नव्हता.

दुपारी मी खाजामियाँच्या गॅरेजला गेले. अण्णांच्या ट्रकला त्यांच्याशिवाय कोणी पाना लावलेला नव्हता.

"दो बॅट्र्या बदल्या बेटा, वायरां देखा, पट्टा टाइट किया," ते हात पुसत म्हणाले. "फिर मैं बोला, ये मशीन का मामला नई है. रूहानी है."

"बरं. इंजिन सुस्त असलं की हा दिवा लागतो का?"

"हौ, लगता ना. पुराना डायनेमो है, आहिस्ता घूमा तो करंट कम बनाता. रेस देओ, बुझ जाता. ये तो सब पुरानी गाड्यां में रहताच."

"मग ह्यात चमत्कार कसला?"

"चलती गाडी में भी जलता ना! वो मेरे कू समझ में नई आया."

"डायनेमो उघडून पाहिला?"

खाजामियाँनी कानाच्या पाळ्या धरल्या. "तौबा! उसपे कुंकू है, लाल धागा बंध्या है. पूजा के चीज कू पाना कैसा लगाऊं मैं?"

म्हणजे सगळी गाडी तपासून झाली होती. जिथे दोष असायचा, नेमकी तेवढीच जागा पवित्र होती. म्हणून तिथे कोणी हात लावला नव्हता.

संध्याकाळी गर्दी दुप्पट होती, त्यात खाजामियाँही आले होते. महाराज विभूतीची पुडी घेऊन जागेवर बसले, कफनी पायांवरून खाली फुटबोर्डापर्यंत सोडली. मी पुढे झाले आणि वाकून नमस्कार केला.

"महाराज, एक विनंती आहे. तुमच्यासारख्या योग्याने ड्रायव्हरसारखे पाय सोडून बसावं, हे बरं दिसत नाही. पद्मासन घाला ना."

"खरंच की!" मागून कोणी म्हणालं. "पद्मासन! पद्मासन!" दहा-बारा आवाज उठले. भक्तांपुढे महाराजांना नाही म्हणता येईना.

"माझे गुडघे जरा..."

"मी धरते," असं म्हणून मी त्यांचा एक पाय उचलला, शिवराजने दुसरा. सीटवर एकदाचं पद्मासन जमलं. इंजिन संथ चालत होतं आणि लाल दिवा पेटलेला होता.

"अण्णा, मी माधवी. तुम्ही भगवंतरावच ना?"

दिवा पेटलेला. हो.

"तुम्ही विमान चालवत होता ना?"

दिवा पेटलेला. गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं.

"चंचल आहेत आज," महाराज म्हणाले. "लाइनमध्ये खरखर आहे."

"आईला दवाखान्यात नेऊ?"

दिवा पेटलेला.

आई पुढे सरसावली. तिचा चेहरा उजळून निघाला होता. "हो म्हणाले! माधवी, हो म्हणाले गं! शिवराज, माझी पिशवी भर. सकाळी चला."

सुधीर माझ्या कानाशी लागले. "झालं ना काम? आता गप्प बसा."

खरंच, तेवढ्यावर थांबता आलं असतं. आई सकाळी दाखल झाली असती. मनात दुसरं काही नव्हतं माझ्या. तिचा पाय वाचावा, एवढंच. पण ह्या दिव्याच्या सांगण्यावरून ती जाणार असेल, तर ह्याच दिव्याच्या सांगण्यावरून ती परवा टाके घातलेल्या पायाने उठून घरीही येईल. मी आईकडे न पाहता विचारलं.

"अण्णा, आईला दवाखान्यात नेऊ नको ना?"

दिवा पेटलेला.

"नेऊ, की नको?"

दिवा पेटलेलाच. लाल, छोटा, आणि कुणाशीही काही संबंध नसलेला.

इंजिन धडधडत राहिलं. आई बराच वेळ दिव्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "महाराज, पाय खाली सोडा."

"माउली, आता समाधी लागतेय..."

"सोडा म्हणते ना!"

महाराजांनी पाय खाली सोडले. कफनी पुन्हा फुटबोर्डावर पसरली.

"आता विचारा त्यांना. मी विधवा आहे का?"

आईने असं काही विचारावं, हे महाराजांच्या हिशेबात नव्हतं. हो म्हणावं, तर अण्णा खरंच गेले. नाही म्हणावं, तर गुरुवार चालू राहील. त्यांनी दुसरं निवडलं. इंजिन हुंकारलं. आणि त्याच क्षणी आईने काठीच्या टोकाने कफनी वर उचलली. खाली महाराजांच्या उजव्या पायाचा अंगठा, अंगठीसकट, ॲक्सिलरेटरवर दाबून बसलेला सगळ्यांना दिसला. आईने काठीनेच तो बाजूला केला. हुंकार थांबला. दिवा लागला.

"पैर उठाओ तो हां, दबाओ तो ना," खाजामियाँ गर्दीतून म्हणाले. "ये मैं बी कर सकता था मियाँ, कफनी नई थी मेरे पास."

लोक हसले. थोडे जास्तच हसले. सकाळी धूर कपाळाला लावणारे सगळ्यांत मोठ्याने. महाराज दुसऱ्या दाराने उतरले. विभूतीची पुडी सीटवरच राहिली.

मी इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि डायनेमोवरचा लाल धागा तोडला. खाजामियाँनी एकदा आकाशाकडे पाहिलं आणि पाना लावला. मागचं झाकण निघालं, तशा आतून मुंग्यांची रांगच रांग बाहेर पडली. आत साखर, मध आणि तुपाचा काळा राप बसला होता. वीज गोळा करणारे दोन कार्बनचे तुकडे त्या चिकट्यात अडकले होते. खड्ड्यात गाडी हादरली की ते सुटत, दिवा विझे. पुन्हा अडकत, दिवा लागे. म्हणून कधी इस्पितळाशी, कधी भाजीबाजाराशी. दर गुरुवारी आम्ही बिघाडाला ताजं पंचामृत पाजत होतो, आणि बिघाड दिसला की त्याला नमस्कार करत होतो.

शिवराज मुंग्यांकडे बघत होता. "म्हणजे मीच..."

"तू प्रेमाने ओतलंस," मी म्हणाले. "डायनेमोला ते कळत नाही, एवढंच."

आई पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले.

"मग ते कुठं आहेत गं?"

ह्या प्रश्नाला बरीच गोड उत्तरं असतात. महाराजांसारख्यांची दुकानं त्यांच्यावरच चालतात. मी तिचा हात धरला.

"गेले, आई."

ती रडली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच रडली. दर गुरुवारी नवरा भेटणाऱ्या बाईला रडायला सवड तरी कुठून मिळणार?

माझ्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. आपलं माणूस गेलं की आपण त्याची खूण शोधतो, ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण खूण दाखवायला कोणी मध्यस्थ आला, तर आधी त्याचे पाय कुठे आहेत ते पाहा. एकच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारा. आणि ज्या जागेला हात लावू नका म्हणून सांगितलं जातं, तिथलं झाकण आधी उघडा. आपल्या माणसांचा त्याने अपमान होत नाही. जिवंत आहेत त्यांचा जीव मात्र वाचतो.

खाजामियाँनी कार्बन घासून बसवले. सकाळी आम्ही आईला ट्रकमधूनच नेलं. तिनेच हट्ट धरला. अंबरपेठ ते बरकतपुरा दिवा एकदाही लागला नाही. इस्पितळाच्या फाटकाशी शिवराजने गाडी थांबवली, इंजिन मंदावलं, आणि तो लाल दिवा हळूच लुकलुकला.

शिवराजने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आई दिव्याकडे बघत होती. मग तिने पिशवी उचलली आणि दाराची कडी ओढली.

"इंजिन बंद कर रे," ती म्हणाली. "डिझेल जळतंय."