फ्यूज उडायचा थांबला

गल्लीने त्यांचं नाव 'सर्वज्ञ' ठेवलं ते चिडवायला, आणि त्यांनी ते घेतलं मानाने. चूक गल्लीचीच. टोमणा मारायचा तर समोरच्याला टोचेल असा मारावा. हा गृहस्थ तो दारावरच्या पाटीवर लिहून घ्यायच्या बेतात होता.

सर्वज्ञांकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं: जे बोंबलतं त्याचं तोंड बंद करायचं. स्वयंपाकघरातला धुराचा भोंगा सारखा वाजायचा, त्याचा सेल काढून टाकला. रक्तदाब मोजायचं यंत्र बायकोचा दाब वाढलेला दाखवायचं, ते माळ्यावर गेलं. "बघ, आता कसं शांत आहे," असं ते म्हणत. बायकोही मग शांतच राहायची, कारण बोलून तिचा दाब आणखी वाढायचा.

लेकीला घाटापलीकडच्या दवाखान्यात रात्रपाळीची नोकरी लागली. रस्ता वळणावळणाचा आणि काळोखाचा. दुसऱ्या दिवसापासून ती घरची जुनी गाडी घेऊन एकटी जाणार, म्हणून बापाने बंपरवर लावायचे दोन दांडगे दिवे आणले. लेकीसाठी त्यांचा जीव तुटत होता हे खरं, त्याला कुणी हसू नये. हसायचं ते पुढच्या कारागिरीला.

मूळच्या हेडलाइटची तार सोलून त्यांनी नव्या दिव्यांच्या तारा तिला पिळल्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. बटण दाबलं. दिवे लागले आणि लगेच फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. त्याहून मोठा घातला, तो जरा टिकला आणि गेला. "हल्ली फ्यूजच हलके निघतात," असा निकाल देऊन सर्वज्ञ स्वयंपाकघरात गेले, डबा गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा फाडला आणि घडी करून फ्यूजच्या जागी ठासून बसवला. दिवे झगझगीत लागले ते लागलेच.

"फ्यूज उडायचा थांबला, म्हणजे दोष गेला!" त्यांनी जाहीर केलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

बायकोने गाडीत बसून डॅशबोर्डखाली हात घातला तर तारेचा चटका बसला.

"अहो, तार तापलीये. वासही येतोय."

"नव्या वस्तूला वास यायचाच."

तिने धाकट्या भावाला बोलावून घेतलं. त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. तो आला, बॉनेट उघडून फ्यूजच्या डब्यात डोकावला आणि त्याचा चेहरा पडला. सर्वज्ञ कमरेवर हात ठेवून शेजारीच उभे होते.

"काय, कसं जमलंय?"

"छान, दाजी. भरपूर उजेड पडतोय."

बहिणीच्या नवऱ्यापुढे मान वर करायची नाही, हे बाळकडू त्याला फार लहानपणी आणि फार जास्त पाजलं होतं. निघताना फाटकाशी मात्र तो बहिणीच्या कानाला लागला. "ताई, या गाडीत बसू नकोस. दिव्यांना बॅटरीपासून वेगळी जाड तार हवी, बॅटरीजवळच तिचा फ्यूज हवा आणि बटणावर भार येऊ नये म्हणून मध्ये रिले. इथे सगळा भार बारक्या तारेवर टाकलाय. ती पेटली तर वीज तोडणारं काहीच नाही."

"मी बसू नको. आणि लेकीला बसवू?"

"पण दाजींना सांगणार कोण?"

तिला नवऱ्यापेक्षा भावाचा जास्त राग आला. नवऱ्याला कळत नव्हतं. ह्याला सगळं कळत होतं, आणि हा मूग गिळून घरी निघाला होता. तिने मनगट धरून त्याला मागे आणलं. "पाना काढ आणि बॅटरीपाशी उभा राहा. मी हाक मारली की तार सोडव." मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या लेक तासभर या गाडीत असणार आहे. आज तुम्ही बसा. इंजिन चालू करा, दिवे लावा, काचा वर घ्या."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

सर्वज्ञ ऐटीत बसले. शेजारीपाजारी जमले, लेकही बाहेर आली. आधी त्यांनी सगळ्यांना हात केला, मग रुमालाने वारा घेतला, मग काच खाली केली. "आज उकाडा फार आहे."

डॅशबोर्डखालून धुराची रेघ निघाली.

"बाबा, धूर!"

"धूळ जळतीये. जुनी गाडी आहे." पडलो तरी नाक वर. तेवढ्यात वितळलेल्या प्लास्टिकचा थेंब त्यांच्या पँटवर पडला. ते दाराची कडी चाचपडू लागले आणि ती सापडेना. बायको ओरडली, भावाने तार सोडवली, लेकीने दंडाला धरून बापाला बाहेर ओढलं.

खोकल्याची उबळ ओसरल्यावर सर्वज्ञ पहिलं वाक्य बोलले. "पण फ्यूज उडाला का? नाही ना?"

कुणी हसलं नाही. लेक रिकाम्या सीटकडे बघत होती. "बाबा, घाटात मी काय केलं असतं?"

ते पायरीवर बसले. "तुझ्यासाठीच केलं गं."

"माहितीये, बाबा."

मग त्यांची नजर मेहुण्यावर गेली, आणि बुडत्याला काडी सापडली. "तू तर मघाशी बघितलंस. छान म्हणालास! तुला कळलं नाही?"

भावाने बहिणीकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही.

"कळलं होतं, दाजी," तो म्हणाला. "पण तुम्हाला कुणी काही सांगत नाही."

सर्वज्ञांनी जमलेल्या सगळ्यांकडे वळून पाहिलं. 'असं कसं म्हणतोस,' असं एकानेही म्हटलं नाही. बायकोनेही नाही.