कोटाची उलट बाजू

सुनेनं कोट खिडकीच्या उजेडात धरला आणि मोबाइलवर आणखी एक फोटो काढला. तोही आधीच्यांसारखाच निघाला. राखाडी कापड, बाकी काही नाही. बाहीला सिगारेटनं भोक पडलं होतं आणि सासूबाईंनी ते रफू केलं होतं, पण कुठे, ते आता शोधूनही सापडेना.

"अगं, जे दिसत नाही त्याचा फोटो कसला काढतेस?" सासूबाई हसल्या. "दिसलं तर ते रफू कसलं!"

पंचाईत तीच होती. खांदा धरतो म्हणून त्या महिनाअखेरीस दुकान बंद करणार होत्या, आणि उभा जन्म ज्यात गेला त्या कामाची एवढीशी खूणही मागे राहणार नव्हती. गिऱ्हाइकं कोट घालून गेली आणि भोक विसरली. सुनेला हे बघवेना, म्हणून इंटरनेटवर सासूबाईंचा स्वतःचा ब्लॉग सुरू करायचं तिनं मनावर घेतलं होतं. ओळखसुद्धा लिहून झाली होती, 'दीर्घ अनुभव, सुबक काम.' वाचल्यावर तिलाच वाटलं, ही तर कुठल्याही लाँड्रीची पाटी.

"आई, उलट बाजूचा काढू का?"

"खबरदार! उलट बाजू म्हणजे घरातली मोरी. आल्यागेल्याला कोणी मोरी दाखवतं का?" असं बजावून त्या आत चहा टाकायला गेल्या.

सुनेनं लगेच बाही उलटी केली आणि बघतच राहिली.

भोकाच्या जागी नखाएवढं कापड नव्यानं विणलेलं होतं. कोटाच्याच शिवणीआडून उपसलेले केसासारखे धागे एक वर, एक खाली असे जुन्या विणीत शिरले होते. गाठ म्हणून कुठे नव्हती. बाई गं, हे माणसाच्या हातानं होतं? इतकी वर्षं एका घरात राहून, एका ताटातलं खाऊन तिनं हे कधी पाहिलं नव्हतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं फोटो काढला आणि पडदाभर मोठा केला.

"काढलास ना शेवटी!" सासूबाई कप घेऊन दारात उभ्या होत्या. "आण इकडे, आधी पुसून टाकते."

कप ठेवून त्यांनी फोन ओढून घेतला आणि पार डोळ्यांजवळ नेला. आता बोलणी खायची म्हणून सुनेनं मान खाली घातली.

"कोणाचं काम गं हे?"

"टोमणे कशाला मारताय, आई? तुमचंच. परवाचं."

"माझं?" कापडावरून फिरवावं तसं त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. चित्र सरकलं, तशी त्यांनी दचकून बोट मागे घेतलं.

सुनेनं चमकून वर पाहिलं. "तुम्हाला दिसत नाही, आई?"

"माणसं दिसतात, वाट दिसते. धागे दिसेनासे झाले, त्याला दोनेक वर्षं झाली. बोटांना कळतं, तेवढ्यावर चाललंय."

"म्हणून सुया माझ्याकडून ओवून घेत होतात? मला वाटलं, खांद्यामुळे."

"खांद्यानं कोणी सुई ओवतं का, वेडे!"

सुनेला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "आणि कोणाला बोलला नाहीत?"

"आंधळीच्या हाती कोट कोण देईल?" सासूबाई स्टुलावर बसल्या. नजर अजून फोनवरच होती. "मला वाटायचं, काम बिघडलंय आणि लोक भिडेखातर गप्प बसतात. रोज वाटायचं. त्यापेक्षा आपणच दुकान बंद केलेलं बरं." त्यांनी फोन पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "अजून चांगलं होतंय की गं."

"चांगलं? आई, मी तर बघून गार झाले."

दोघींचा चहा निवला. दुकानात आणखी कितीतरी कपडे टांगलेले होते, नेण्याची वाट पाहत. सुनेनं 'दीर्घ अनुभव' पुसून टाकलं.

"मग ओळखीत काय लिहू?"

"तुला सुचेल ते लिही," सासूबाई म्हणाल्या आणि हात लांब करून खुंटीवरची पुढची पँट त्यांनी स्वतःच उलटी केली. "फोटो तेवढे मोठे टाक. मला सगळे बघायचेत."