अर्ध्या सहीच्या नोटा

हॉरेस पेटिबोनचा स्वतःबद्दल ठाम समज होता की आपल्याला कुणाचा म्हणून हेवा वाटत नाही. शेजाऱ्याने नवी बग्गी घेतली की तो चाकाला हात लावून बघायचा आणि मनापासून छान म्हणायचा. मेव्हण्याच्या शेतात मका डोक्याएवढा आला आणि याच्या परसात तण माजलं, तरी याची झोप मोडली नाही. समज खराच होता, पण त्याची परीक्षा कधी झाली नव्हती. हॉरेसला जगात एकच गोष्ट हवी होती, आणि बँकेचा अध्यक्ष म्हातारा लुंडग्रेन जिवंत होता तोवर ती दुसऱ्या कुणाला मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

ती गोष्ट म्हणजे नोटेची उजवी बाजू.

ड्रेक्सबरोच्या नॅशनल बँकेच्या नोटा तेव्हा ड्रेक्सबरोच्याच नावाने निघत. वॉशिंग्टनहून छापील ताव यायचे, एकेका तावावर चार नोटा, मधोमध गावाचं नाव झोकात छापलेलं, आणि खाली दोन जागा कोऱ्या. डावीकडे कॅशियरने सही करायची, उजवीकडे अध्यक्षाने. मग कात्रीने नोटा सुट्या करायच्या आणि गावात सोडायच्या. कॅशियर म्हणजे नुसता खिडकीत बसणारा माणूस नव्हे. कर्ज कुणाला द्यायचं, कुणाला गोड बोलून वाटेला लावायचं, सगळं हॉरेसच बघायचा. लुंडग्रेनचा पैसा, हॉरेसची अक्कल, अशी ती बँक उभी राहिली होती. म्हातारा स्वतःच म्हणायचा, "माझ्यानंतर तूच रे हॉरेस." म्हणून हॉरेसने घाई केली नाही. तरुणपणी व्यापारी शाळेत कमावलेलं वळणदार अक्षर, त्यातला तो 'पी'चा खालून येणारा फराटा, सगळं एक दिवस उजवीकडे सरकणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

म्हातारा फ्लूने गेला. संचालकांची सभा भरली. शेअर सगळे बायकोच्या नावावर झाले होते, आणि संचालकांनी माना डोलावून बायकोलाच अध्यक्ष करून टाकलं. ही कॉर्नेलिया लुंडग्रेन आजवर बँकेत यायची ती फक्त नवऱ्याचा विसरलेला मफलर द्यायला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. हॉरेसने सभेत सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या, घरी आला, आणि जेवणाच्या ताटावरून उठला.

"मळमळतंय का?" विनीने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"नाही."

"मग मनात मळमळतंय. बस, खाऊन घे. उपाशी राहून कुणी अध्यक्ष होत नाही."

एवढ्यावर भागलं असतं तरी हॉरेसने गिळलं असतं. पण नव्या नोटा निघाल्या आणि गाव खुळावलं. बाईंची सही जांभळ्या शाईत, मोठी, गोल, शाळेतल्या फळ्यावर काढावी तशी. आख्ख्या नेब्रास्का राज्यात बाई अध्यक्ष असलेली बँक दुसरी नाही, असं ड्रेक्सबरोच्या लोकांनी आपापसात ठरवूनच टाकलं; खरंखोटं कुणी बघायला गेलं नाही. न्हावी गिऱ्हाइकाकडून पैसे घेताना म्हणायचा, "बाईंची असेल तर तीच दे." पलीकडच्या गावातले लोक घोडे जुंपून यायचे आणि जुन्या नोटा देऊन बाईंच्या मागायचे. त्याच नोटेवर, बाईंच्या नावापासून चार बोटांवर, हॉरेस पेटिबोन हे नाव होतं. इतकी वर्षं ते प्रत्येक नोटेवर होतं. ते वाचलं असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मग तो पोरकटपणावर उतरला. 'पी'चा फराटा लांबवत लांबवत त्याने उजव्या जागेत घुसवला, म्हणजे बाईंना सही कोंबून करावी लागेल. बाईंनी शांतपणे त्या फराट्याच्या वर सही बसवली, आणि ती आणखीच ठसठशीत दिसायला लागली. वर त्या म्हणाल्या, "मिस्टर पेटिबोन, तुमचं अक्षर बघितलं की मला लाज वाटते. माझं आपलं पोरींच्या पाटीवरचं." त्यांनी टोमणा मारला असता तर हॉरेसला बरं वाटलं असतं. पण बाई खरंच बोलत होत्या, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

मळणीचे दिवस आले. शेतोशेती मळणीवाल्यांच्या टोळ्या उतरल्या, मजुरी रोख द्यायची म्हणून शेतकरी बँकेत येऊ लागले. नेमक्या त्याच वेळी बाई बहिणीच्या आजारपणासाठी ओमाहाला गेल्या, आणि वॉशिंग्टनहून नव्या तावांचं पुडकं आलं. तिजोरीत जुन्या नोटा होत्या. बाई येईपर्यंत सहज पुरल्या असत्या. हॉरेसला ते ठाऊक होतं, आपण तरी त्याची बाजू कशाला सावरायची. त्याने ताव पुढ्यात ओढले, डावीकडे सह्या केल्या, आणि उजव्या कोऱ्या जागेकडे बघत बसला. कायद्याने नोट सहीशिवायसुद्धा चालते, हे त्याला पाठ होतं. बँकेच्या नावावर निघाली की ती बँकेला पाळावीच लागते. मग सही कशाला लागते? शोभेला. आणि शोभेला एक पुरे.

त्याने कात्री घेतली.

त्या नोटा देताना त्याला जे वाटलं ते बायकोलाही सांगता आलं नसतं. शेतकरी घडी घालून खिशात टाकत होते, आणि प्रत्येकाच्या खिशात एकच नाव जात होतं. हॉरेस दिवसभर गुणगुणत होता. दुपारी त्याने न्हाव्याकडे जाऊन विनाकारण दाढी करून घेतली आणि पैसे देताना मुद्दाम नवी नोट पुढे केली. न्हाव्याने ती उलटसुलट केली.

"छापायचं राहिलं वाटतं काही," न्हावी म्हणाला.

"सगळं आहे. चालते."

"चालेल हो. तुम्ही म्हणताय म्हणजे चालणारच." आणि त्याने ती गल्ल्यात न टाकता बाजूला ठेवली.

आठवड्याच्या शेवटी कुजबुज सुरू झाली. क्रूगर खाटकाने मळणीवाल्याची नोट परत केली. वाण्याने केली. कुणी म्हणालं बाईंना बँकेतून काढलंय, कुणी म्हणालं बाईंनी सही करायला नकार दिलाय, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. सोमवारी सकाळी हॉरेस बँक उघडायला आला, तर दारापासून लोहाराच्या भट्टीपर्यंत माणसं उभी. लोक ठेवी काढायला आले की चांगली बँकही दुपारपर्यंत आडवी होते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. क्षणभर त्याला कुठलीच बाजू आठवली नाही, डावी नाही की उजवी नाही. आपण आपल्या हाताने बँक बुडवली, एवढंच कळलं. त्याने कुलूप उघडलं.

"एकेक जण या," तो म्हणाला. "सर्वांचे पैसे मिळतील."

"पैसे कुणाला हवेत?" पुढचा शेतकरी म्हणाला. "बाई कधी येतायत ते सांगा. सही राहिलीय."

मागे कुणीतरी हसलं. कुणीच पैसे काढायला आलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या हातात हॉरेसची नोट होती, आणि प्रत्येकाला ती पुरी करून हवी होती. बँक वाचली होती. हॉरेसने सुस्कारा टाकला, आणि त्या सुस्काऱ्याच्या मागोमाग असा जळफळाट उठला की वाटलं, यापेक्षा ठेवी नेल्या असत्या तर बरं.

बाई सकाळच्या गाडीने उतरल्या त्या पिशवीसकट थेट बँकेतच आल्या. रांग बघितली, एक नोट हातात घेतली, हॉरेसकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं हे त्यालाही कळलं.

"मळणीची घाई होती," तो म्हणाला.

"असणारच." मग त्या रांगेकडे वळल्या. "मंडळी, चूक माझी. काम टाकून मी ओमाहाला जाऊन बसले. मिस्टर पेटिबोननी एकट्याने किती सांभाळायचं? द्या इकडे, करून देते." त्यांनी हातमोजे काढले, टेबल दाराजवळ ओढायला लावलं, आणि हॉरेसला म्हणाल्या, "तुम्ही जरा टीपकागद धराल का? शाई ओली राहिली तर लोकांच्या खिशाला लागेल."

म्हणजे चूकही बाईंनीच घेतली. तेवढी तरी त्याच्या नावावर राहायला हवी होती.

तो टीपकागद घेऊन शेजारी उभा राहिला. बाई सही करायच्या, तो टिपायचा. लोक नोट घ्यायचे, उजेडात धरायचे, बाईंचे आभार मानायचे. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. हॉरेसकडे बघून एकाने मान हलवली, ती वाटेतून सरक म्हणून. लोहाराने तर विचारलं, "बाई, वर माझं नाव घालाल का?" आणि बाई हसून नको म्हणाल्या. हॉरेसच्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि हात मात्र नेमाने टिपत होता.

दुपार टळत आली तेव्हा पुढच्या हाताने टेबलावर नोट ठेवली. तो हात हॉरेसला ओळखता आला. त्याने मान वर केली.

"तू कशाला आलीस?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "घरी जा. मी रात्री बदलून दिली असती."

"रात्री देऊन काय उपयोग?" विनी म्हणाली. "क्रूगरने सॉसेज बांधून ठेवलंय आणि नोट परत दिलीय. म्हणाला, अर्धी आहे."

"अर्धी नाहीये. कायद्याने ती पूर्ण आहे."

"मग कायद्याला सांग चूल पेटवायला. दीड तास उभी आहे मी."

रांगेत खसखस पिकली. बाईंनी मान खाली घातली, टाक दौतीत बुडवला आणि सही केली. तीच सगळ्यांना केली तशी, मोठी आणि गोल. जांभळी शाई चकाकत होती. हॉरेसने टीपकागद उचलला. एवढीच एक. मनगट जरासं बाजूला सरकवलं की पुरे, आणि निदान त्याच्या स्वतःच्या घरात तरी बाईंचं नाव धड वाचता येणार नव्हतं.

विनी नोटेकडे बघतच नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती. बँकेत इतकी माणसं होती, बाई होत्या, पण त्याच्या मनात काय आहे हे तिथे तिला एकटीलाच ठाऊक होतं, आणि तिला ते आजच नव्हे, त्या ताटावरून उठल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"सरळ दाब," ती हळूच म्हणाली. "फासू नकोस."

हॉरेसने सरळ दाबला.