कंपाउंडरचं कौतुक

मालिकेतल्या त्या कंपाउंडरचं आमच्या दुकानात जेवढं कौतुक होतं, तेवढं माझं पंधरा वर्षांच्या संसारात झालेलं नाही. दुकान शिवणाचं. मी कापड बेततो, थोरली बहीण मशीनवर बसते, बायको काज, बटण आणि हातशिलाई बघते. दुपारी जेवताना ताईचा मोबाइल रिळांना टेकवून आदल्या दिवशीचा भाग लागतो.

मालिका एका डॉक्टरीणबाईंची. नायक चांगला उंचापुरा, बाईंसाठी नोकरी सोडून आलेला. पण आमच्या बायकांना आवडतो कोण, तर पुड्या बांधणारा कंपाउंडर. मी घड्याळ लावून बघितलंय, बावीस मिनिटांच्या भागात हा बाबा जेमतेम तीन मिनिटं दिसतो. तेवढ्या तीन मिनिटांत माझ्या बायकोचा घास हातातच राहतो. हे बघितल्यापासून माझ्या पोटात दुखतंय, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी वादाला तोंड फुटलं. त्या भागात डॉक्टरीणबाईंचे वडील वारले होते. नायकानं भलंमोठं भाषण केलं. मग कंपाउंडर आला, बाईंकडे बघून म्हणाला, "मॅडम, बारीक झालात," आणि स्वतःचा डबा पुढे ठेवून निघून गेला. एवढ्यावर ताईनं डोळे पुसले. बायको तर पुसायलाही विसरली.

मी म्हटलं, या माणसाला तुम्ही उगाच डोक्यावर घेतलंय. ताई म्हणाली, बाकीचे नुसते बोलतात रे, हा बघतो. मी म्हटलं, बघायचेच पैसे मिळतात त्याला, आणि वाक्यंसुद्धा दुसराच कुणी लिहून देतो. मग माझी जीभ आणखी सुटली. चार महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हा मी काय कमी धीर दिला होता? माझं बोलणं ऐकून मेव्हणासुद्धा म्हणाला होता, भावजी, फार छान बोललात. तेव्हा कुणी डोळे पुसत माझं कौतुक केलं नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

ताई म्हणाली, तुझ्या नाकाला का मिरच्या झोंबतायत? बायकोनं आपल्या डब्याला झाकण लावलं. नवऱ्याच्या बाजूनं एखादा शब्द टाकायला काय जात होतं तिचं?

"बारीक झालात म्हणायला काय अक्कल लागते?" मी म्हटलं. "माणसाचं माप ओळखणं हा माझा धंदा आहे. हिचं माप मला टेपशिवाय तोंडपाठ आहे."

"असेल," बायको म्हणाली.

त्या 'असेल'नं मी पेटलो. दुकानात मीच घातलेला नियम आहे, गिऱ्हाईक कितीही जुनं असो, माप नव्यानं घ्यायचं. मी आकडा मोठ्यानं सांगतो, ताई वहीत लिहिते, त्याशिवाय कात्री लागत नाही. पण मला दाखवून द्यायचं होतं. छाती छत्तीस, कंबर बत्तीस, खांदा साडेचौदा. ठेवणीतलं निळं कापड काढलं आणि दोन दिवसांत कुर्ता शिवला. टाका न् टाका स्वतः घातला. म्हटलं, तुमच्या कंपाउंडरला सात जन्मांत जमायचं नाही.

शुक्रवारी ती पडद्याआड जाऊन कुर्ता घालून आली. खांद्याची शिलाई दंडावर उतरली होती. कमरेला मूठभर कापड जास्त. आधी मला वाटलं, कापडच सैल पडलं. मग तिच्या मनगटाकडे लक्ष गेलं. ताईनं मशीन थांबवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आई गेली तेव्हापासून." ती बाही सारखी करत होती. "अर्धा डबा रोज तसाच परत नेते. तुमच्या शेजारीच बसून जेवते की मी. तुम्ही घड्याळ लावून बसलेले असता."

तिच्या बोलण्यात राग असता तर भांडलो असतो. राग नव्हता. कुर्ता छान शिवलाय, असंही म्हणाली.

मी गळ्यातली टेप काढली. ती लहान मुलासारखी हात वर करून उभी राहिली. टेप फिरवली, आकड्यावर बोट ठेवलं. ताई वही उघडून, पेन्सिल धरून बसली होती.

"बोल की," ताई म्हणाली.

मला तो आकडा मोठ्यानं सांगवेना.